राजीखुशीने

काटेवाडीच्या शिवारात ज्या आठवड्यात दिवसाची लाईट असायची, त्या आठवड्यात जयवंताबाई कादंबरी लिहायच्या. लाईट आली की मोटर चालू, मोटर चालू झाली की उसाला पाणी, आणि पाणी सोडलं की बांधावर बसून दारं धरायला कुणीतरी हवंच. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. मधल्या वेळात बाकीचे लोक तंबाखू मळत. जयवंताबाई वही काढत. एका सरीला अर्धं पान व्हायचं. भांडणाचा प्रसंग असला तर पाऊण.

अशा अकरा कादंबऱ्या झाल्या. सासू-सुना, जावा-जावा, नणंद-भावजय, एक टाकलेली मावशी. पुण्याचा एक प्रकाशक त्या वाचनालयांसाठी छापायचा आणि मुखपृष्ठावर दरवेळी डोळ्यांना पदर लावलेली बाई काढायचा. बारामतीच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं कपाटात कधी सापडायची नाहीत, कायम कुणाच्या तरी घरी असायची. एका सत्कारात एक प्राध्यापक भाषणात म्हणाले, "हे चुलीपुढचं साहित्य आहे."

बाई नारळ हातात घेऊन उठल्या. "व्हय सर, चुलीपुढचंच हाय. तुमी दोन टाइम जेवता ते कुठनं येतं?"

लोक हसले. प्राध्यापकही हसले, पण पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

अशी ही तोंडाची फटकळ बाई माहेरापुढं मात्र मऊ व्हायची. माहेर इंदापूरच्या अलीकडं, एका उसाच्याच गावात. आई लवकर गेली होती. धाकटा भाऊ विजयसिंह दहा वर्षांनी लहान. त्याला जयवंताबाईंनी कडेवर वाढवलेला. त्यांचे मालक दत्तोबा चेष्टेनं म्हणत, "आमची बाई वाघ हाय, पर इंदापूरची एष्टी दिसली की तिची शेळी हुती."

शहाण्णव सालच्या चैत्रात वडील, म्हणजे आबा, वारले. तेव्हा बाईंची बारावी कादंबरी निम्मी झाली होती. ती सुचली होती एष्टीत. पुढच्या बाकावरच्या दोन बायका अंगावरच्या लुगड्यांविषयी बोलत होत्या. एक म्हणाली, "ही दिवाळीची न्हवं, माज्या सहीची साडी हाय." भावांच्या नावे जमिनीचा हक्क सोडून दिला की कचेरीतून परत येताना भाऊ बहिणीला साडी घेतो, ती ही साडी. दुसरी लगेच म्हणाली, "माजी पण हाय, पर रंग उडला." बाईंनी तिकिटाच्या मागं तेवढंच लिहून ठेवलं. कादंबरीतली बहीण म्हाळसा शेवटी सही करायला नकार देते, असं त्यांनी लिहून काढलं आणि वह्या पुण्याला पाठवल्या.

ज्येष्ठात प्रकाशकाचं पत्र आलं. कथा उत्तम आहे, पण शेवट बदलावा. म्हाळसेनं सही करावी, भावानं तिच्या पायावर डोकं ठेवावं. वाचनालयातल्या भगिनींना शेवटी डोळे पुसायला आवडतं.

त्याच आठवड्यात विजयसिंह मोटरसायकलवर आला. चहा घेताना त्यानं बशी दोनदा खाली ठेवली.

"आक्का, तलाठ्यानं आबांच्या जागी वारसांची नावं लावली. माजं लागलं. तुजंबी लागलं."

"आता आबांची लेक म्हटल्यावर लागणारच."

"ते बरूबर हाय. पर एक सही लागंल तुजी. इंदापूरला. हक्कसोड."

दत्तोबा गोठ्यातून म्हणाले, "मला मधी घिऊ नगा. सासऱ्याच्या रानातलं ढेकूळबी मला नगं. तुमी भैन-भाव बघा."

बाईंना जमीन नकोच होती. लेकीनं मागायचं नसतं हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, आणि मागायची हौसही नव्हती. पण सही दिली नाही तर पंचमीला न्यायला कोण येणार? लेकाच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहणार? माहेर म्हणजे आता हा एकच माणूस उरला होता. त्या म्हणाल्या, "करीन की. कवा यायचं सांग."

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्यांनी प्रकाशकाला हवा तसा शेवट लिहिला. म्हाळसेनं सही केली, भाऊ रडला. चार सऱ्यांत दोन पानं झाली. त्या नादात एक सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या भुईमुगात गेलं, आणि दत्तोबांना जाऊन माफी मागावी लागली.

ठरल्या दिवशी त्या इंदापूरला गेल्या. विजयसिंह बायकोला, स्वरूपाला, घेऊन आला होता. कचेरीच्या आवारात दस्त लिहिणारा टेबल टाकून बसला होता. त्याच्यापुढं बायकांची रांग. प्रत्येक बाई विचारायची, "कुठं?" तो बोट ठेवून म्हणायचा, "हितं." की झालं. जयवंताबाईंची पाळी आली तेव्हाही त्यानं कागदावर बोट ठेवलं.

पण बाईंना एक खोड होती. पुण्याहून छापील मजकूर तपासायला यायचा तेव्हा त्या अक्षर न् अक्षर वाचायच्या. नावाखाली जाणारा कागद न वाचता हातावेगळा करायचा नाही, ही अकरा पुस्तकांची सवय. त्यांनी दस्त लिहिणाऱ्याचं बोट बाजूला केलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. 'मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता...'

हातात पेन होतं. सवयीनं हात चालला. 'राजीखुशीने' या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'माहेर तुटू नये म्हणून'.

"अवो बाई!" दस्त लिहिणारा ओरडला. "ष्टँपपेपर हाय त्यो! शाळेची वही वाटली का?"

"चुकलं व्हतं, दुरुस्त केलं. द्या, आता सही करते."

"असं चालत न्हाय."

"का न्हाय? हक्क सोडते म्हटलंय, ते तसंच ठेवलंय. कारण तेवढं खरं लिवलं."

"कारण राजीखुशीच लागतं. समद्या बाया तेच लिवून देत्यात."

"बाया लिवत्यात, का तुमी लिवता?"

"मीच लिवतो."

"मग त्यांची राजीखुशी तुमाला कुठनं कळली?"

नुकताच अंगठा उठवलेली एक म्हातारी, तानूबाई, शाई पदराला पुशीत होती. ती पुढं वाकली. "माज्या कागदात बी हाय व्हय ते? खुशीचं?"

"हाय की, आजी."

"ऑं? मला तर ह्या भावानं न्याहारीबी करू दिली न्हाय. उचललं न् जीपमधी घातलं!"

रांगेतल्या बायका फसकन हसल्या. तानूबाईचा भाऊ तिला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. विजयसिंहाचा चेहरा लाल झाला.

"आक्का, चार माणसांत शोभा केलीस माजी. दुसरा कागद आणतो. गप सही कर. एक शब्द तर हाय."

"एकच शब्द हाय तर काढून टाक की."

"तुला रान पायजे का? सरळ सांग."

"मला वाटणी नगं. मी कवाच मागणार न्हाय, ते तोंडानं सांगते, पायजे तर आबांच्या फोटोपुढं सांगते. पर मी न लिवलेलं वाक्य माज्या सहीखाली जाणार न्हाय. खुशी असती तर तुला कागद लागला नसता."

"मग माहेर संपलं समज तुजं," विजयसिंह म्हणाला आणि मोटरसायकलकडं चालू लागला. स्वरूपा क्षणभर घुटमळली, मग नवऱ्याच्या मागं गेली.

एष्टीत बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. कुठली गावं गेली ते त्यांना कळलं नाही. एवढंच उमजलं, की बांधावर बसून लिहिलेली ती दोन पानं म्हणजे दुसरी राजीखुशीच होती. फरक इतकाच की ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता त्यांनी ती पानं चुलीत घातली. प्रकाशकाला तीन ओळींचं पत्र गेलं: म्हाळसा सही करणार नाही. छापायचं तर छापा. नसेल तर वह्या परत पाठवा.

वह्या परत आल्या. बारामतीत लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल छापणाऱ्या एका छापखान्यानं ती कादंबरी घेतली आणि दिवाळीआधी बाजारात आणली. पंचमीला मात्र न्यायला कुणी आलं नाही. बाई तीन दिवस रस्त्याकडं तोंड करून धान्य निवडत बसल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली.

भाऊबीजेला सकाळी त्या तबक, निरांजन, लाडवाचा डबा पिशवीत भरायला लागल्या तेव्हा दत्तोबा दारात उभे राहिले.

"बोलावणं आलंय का?"

"न्हाय."

"हाकलून दिलं म्हंजे?"

"हाकलायला आदी दार उघडावं लागंल की."

दत्तोबांनी पिशवी उचलली आणि थांब्यापर्यंत सोबत आले.

दार स्वरूपानं उघडलं. विजयसिंह बाजेवर पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सही आणली का?"

"निरांजन आणलंय. ऊठ, पाटावर बस."

"तुला कुणी बोलावलं?"

"बोलावणं पावण्याला लागतं. तुज्या आदी धा वर्सं मी ह्या घरात हाय, विजू. माहेर मला तुज्या सहीनं मिळालेलं न्हाय."

तो उठला नाही. बाईंनी स्वतःच पाट मांडला आणि तबक घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. वात विझायला आली, तशी स्वरूपा आतून तेल घेऊन आली.

"वन्सं उभ्या हायत, बसा की वो," ती म्हणाली. मग तेल घालता घालता हळूच, "माज्या भावांना सही द्यायला तुमीच मला गाडीवर घिऊन गेला व्हता. त्यो राजीखुशीचा शब्द मला तुमीबी वाचून दावला न्हाय."

विजयसिंहानं तिच्याकडं पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण असं ती कधी बोलली नव्हती. त्यानं पेपरची घडी केली, डोक्यावर रुमाल ठेवला आणि पाटावर येऊन बसला. बाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. तबकात काही पडलं नाही.

"त्या पुस्तकात मीच हाय म्हणत्यात लोक," तो खाली बघत म्हणाला. "शेवटी काय केलंस?"

"म्हाळसा सही करत न्हाय."

"आन् तिचा भाऊ?"

"त्याच्या मनातलं मी कसं लिवू? त्याचं त्यानं सांगावं. म्हाळसेचं लिवलंय, वाचायचं असलं तर इकत घिऊन वाच."

त्यांनी त्याच्या तोंडात लाडू दिला. त्यानं तो खाल्ला. सातबाऱ्यावर दोघांची नावं राहिली ती राहिलीच.

स्वयंपाकघरात पोळ्या झाल्या होत्या. जयवंताबाईंनी फडताळातून आपल्या हातानं ताट काढलं, कुणी वाढायची वाट न बघता आमटी ओतून घेतली आणि भिंतीला टेकून जेवायला बसल्या.