पांढरी पानं

मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये चांगला उजेड येतो तो फक्त बैठकीच्या खिडकीत, आणि ती जागा मी मॉन्स्टेराच्या झाडाला दिली आहे. त्याचं अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरं. पांढऱ्या भागाला थेट ऊन सोसत नाही, लगेच करपतो, म्हणून खिडकीला पातळ पडदा. दर रविवारी ओल्या फडक्याने मी एकेक पान पुसते, कारण लखनौची धूळ कुणालाच सोडत नाही. शेजारच्या आंटी आल्या की म्हणतात, "बिटिया, इसको कोई बीमारी लगी है, दवा डालो." मग त्या माझ्या डाव्या हाताकडे बघतात. मनगटापासून कोपरापर्यंत मला कोड आहे, बाराव्या वर्षापासून. दवा त्यालाही सुचवून झाली आहे.

गेल्या मे महिन्यात मला बघायला चिनहटहून मंडळी यायची होती. आपल्याकडचीच, पण तीस वर्षं इथे मुरलेली. आईने मध्यस्थाला हाताबद्दल काही सांगितलं नव्हतं. "एकदा मुलगी पसंत पडू दे, मग सांगू," म्हणाली. बाहेर अंग भाजणारी लू चालली होती आणि माझ्या पलंगावर पूर्ण बाह्यांचा कुर्ता इस्त्री करून ठेवलेला.

आंघोळ करून आले तर मॉन्स्टेराची चारही पांढरी पानं केराच्या डब्यात! आईच्या हातात कात्री. नुसता हिरवागार निघालेला एक फुटवा तेवढा तिने ठेवला होता.

"पाहुण्यांचं लक्ष उगाच तिकडे जातं," ती म्हणाली. "आणि रोगट पानं काढली की झाड जोम धरतं. तुळशीचीही काढतोच की आपण."

या झाडाचं सगळं उलटं असतं. हिरवा फुटवा भराभर वाढतो आणि बघता बघता अख्खं झाड हिरवं करून टाकतो. पांढरं टिकवायचं असेल तर कापायचा तो हिरवाच. मी कात्री घेतली आणि खोडावर पांढरी रेघ दिसली तिथपर्यंत तो फुटवा छाटून टाकला. कुंडीत वीतभर खुंट उरला. मग अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला आणि पोह्यांचा ट्रे उचलला.

मुलाच्या आईने बशी घेता घेता विचारलं, "भाजलं होतं का गं, बेटा?"

आई घाईघाईने 'हो' म्हणणार, एवढ्यात मी म्हणाले, "नाही काकू, कोड आहे. दुखत नाही, कुणाला लागतही नाही."

"अच्छा," मुलगा म्हणाला आणि मोबाइल बघत बसला. पोहे मात्र सगळ्यांनी संपवले.

तीन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळल्यावरच आली होती की मंडळी!

"नाक कापलंस माझं," आई म्हणाली.

"कापायला सुरुवात कुणी केली?" मी म्हणाले. त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं मिठामिरचीपुरतं.

पुढच्या रविवारी मध्यस्थाचा पुन्हा फोन आला, कानपूरचं स्थळ घेऊन. मी बैठकीत होते. आई स्वयंपाकघरातून बोलत होती, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

"शिक्षण-बिक्षण राहू द्या हो, आधी माझं ऐका. मुलीच्या हातावर कोड आहे. ती झाकणार नाही आणि मीही झाकू देणार नाही. चालत असेल तरच त्यांना गाडीत बसायला सांगा."