मीटिंगमधली मेंढरं

मिरजेच्या आमच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या टेबलावर बिलं करणारे एक गृहस्थ बसतात. मूळचे जतकडचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तोंडात सुपारी, त्यामुळे प्रत्येक वाक्य अर्धं गालातच राहतं.

साहेबांनी मीटिंगच्या टेबलावर एआयचं यंत्र आणून ठेवलं. ते सगळं ऐकतं आणि टिपण लिहून साहेबांना आणि आम्हा सगळ्यांना पाठवतं. "कान हितं आन् तोंड सायबाच्या केबिनीत," म्हणत यांनी त्यावर रुमाल टाकला. साहेबांनी तो उचलून परत दिला.

मग यांनी कानडी धरली. साहेब बोलत असताना कॅशियरच्या कानात काहीतरी पुटपुटले. संध्याकाळी टिपण आलं, शुद्ध मराठीत: 'साहेबांना यातलं काही कळत नाही.' नशीब, बोलणाऱ्याचं नाव नव्हतं.

पुढच्या मीटिंगला साहेब म्हणाले, "यंत्र फक्त कामाचंच ऐकतं. तुमचं खाजगी बोलणं कुठंही जाणार नाही." यांनी खाली मान घालून, मेंढरं वळवताना काढतात तसा जिभेचा आवाज काढला, "ट्र्रर्र." अर्थ सगळ्यांना कळला. हळूच कॅशियरनं काढला, मग मीही.

टिपण आलं: 'साहेबांनी गोपनीयतेची हमी दिली. पार्श्वभूमीला मेंढ्या हाकल्याचा आवाज.'

साहेबांनी खिडकीतून आवार न्याहाळलं. "इथं मेंढ्या येतात का हो?"

यांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "येत्यात की सायेब. रोज धाला, अंगठा लावून."