पेशकारांची खुर्ची

परभणीच्या अदालतीत न्यायाधीशांना कागद वाचून दाखवणारे पेशकार जप्तीच्या वस्तू खुर्चीखाली, पायाशी ठेवत. त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने पाथरीला फडकवलेला, हैदराबाद संस्थानात बंदी असलेला तिरंगा तिथे आला. खटला चालवायचा अधिकार या अदालतीला की हैदराबादच्या, एवढेच ठरायचे होते. हैदराबादला नेलेले थोडेच परतत.

पेशकारांनी झेंड्याची घडी घातली, ती खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानेच कागद वाचायला घेतले.

“बसा की, पेशकारसाहेब,” न्यायाधीश करड्या आवाजात म्हणाले.

“पाठ दुखायलीय, सरकार.”

निकाल होईपर्यंत ते उभे राहिले. खटला हैदराबादला गेला. भाऊ परत आला नाही.

पुढे कित्येकदा त्यांना मी संध्याकाळपर्यंत बसून लिहिताना पाहिले. पाठ दुखल्याचे ते पुन्हा कधी बोलले नाहीत.