आरतीचा मुकादम

आमच्या आरतीला वाटायचं, जर्मनीत गेलं की काम दारात येऊन उभं राहतं. दारात उभा राहायचा तो पार्सलवाला, तोही शेजारणीचं पार्सल घेऊन. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पहिल्या वर्गात बाहेर पडलेली ही पोर लग्न करून कल्याणसोबत तिकडं गेली आणि दोन वर्षं बटाटे सोलत बसली. जर्मन तिला भाजी आणण्यापुरतं येतं. मग घरी बसून लॅपटॉपवर करता येईल असं काम तिनं शोधायला घेतलं. अर्ज केले ऐंशी. उत्तरं आली अकरा, आणि अकराही 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' छापाची.

मी सुरेखा, तिची बालमैत्रीण. पाथर्डी तालुक्यात आमच्याच गावची अंगणवाडी चालवते. लेकरं खिचडी खाऊन घरी गेली की आरतीचा फोन यायचा आणि मी रजिस्टर भरता भरता तिचं रडगाणं ऐकायचे. एकदा वैतागून म्हणाले, "मदतनिसाची जागा रिकामी आहे, येतेस का लेकरांची नाकं पुसायला?" ती हसली नाही. "सुरेखा, कल्याणनं पाण्याचा ग्लास दिला तरी मला उपकार वाटायला लागलेत गं," म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

तिच्या आईला, लंकाकाकूंना, यात रडण्यासारखं काय तेच कळेना. "घर एकीकडं आन काम दुसरीकडं, यात नवं काय हाय बया? आमी जलमभर त्येच केलं." खोटं नव्हतं. दिवाळी झाली की काकू आणि आरतीचे वडील गहिनीनाथआप्पा घराला कुलूप घालून ऊसतोडीला निघायचे, ते उन्हाळ्यात परत. आप्पांची कंबर गेली तेव्हा कुठं ते दोघं घरी टिकले.

श्रावणात पुण्याच्या एका कंपनीनं आरतीला दाद दिली. शेतकऱ्यांनी पिकाचे फोटो पाठवायचे आणि हिनं फोनवरून रोग आणि औषध सांगायचं. जर्मनीतल्या घड्याळाप्रमाणे पहाटे बसावं लागणार होतं, पण ऊसतोड्याच्या पोरीला पहाटेचं काय कौतुक! मुलाखतही छान झाली. राहिलं एकच. तुम्हाला काम करताना पाहिलेल्या माणसाचा नंबर द्या, म्हणाले. विद्यापीठातले सर निवृत्त होऊन कुठं गेले कुणास ठाऊक. शेवटी तिनं आप्पांचाच नंबर दिला आणि मला बजावलं, "फोन येईल तेव्हा शेजारी बस. हे गेलं तर मी पुन्हा अर्ज करायची नाही."

बसले. भर दुपारी फोन आला. कंपनीची पूजा नावाची गोड आवाजाची मुलगी होती. आप्पांनी टोपी सारखी केली, फोन स्पीकरवर टाकला आणि मला खूण केली, गप बस. ऊसतोडीसाठी टोळी भरताना मुकादम असाच माणसांची चौकशी करतो. आप्पांच्या लेखी हा मुकादमाचाच फोन होता.

"आरतीताई कामाला कशा आहेत?"

"एक नंबर. तिनं बांधलेली मोळी गाडीत चढंपतूर सुटायची न्हाई."

मी कपाळाला हात लावला.

"एकट्यानं काम करू शकतील ना? तिथं सोबतीला कुणी नसेल."

"एकटी कशी? जावई हाय की! आख्खा कोयता धरा तुमी. अर्ध्या कोयत्याला काम कोन देतं?"

ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, हे त्या पुण्याच्या मुलीला कोण सांगणार? "कोयता?" ती घाबरून म्हणाली. मी फोन ओढायला गेले, तर आप्पांनी मलाच डोळे दाखवले. "जावयाला उसाचं काय कळत न्हाई," ते पुढं म्हणाले, "पन गडी गरीब हाय. शिकंल हळूहळू."

पूजा खोकली की हसली, कळलं नाही. मग तिनं विचारलं, "त्यांनी कधी काम अर्धवट सोडलंय का?"

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. काम अर्ध्यात सोडणाऱ्याचा भुर्दंड सगळ्यांना बसतो, म्हणून टोळीत याच एका प्रश्नाला खोटं बोलत नाहीत. समोरून काकू हात हलवून सांगत होत्या, न्हाई म्हना, न्हाई म्हना.

"सोडलंय," आप्पा म्हणाले. "एक डाव. चौथीला हुती. आमी राहुरीकडं फडात हुतो. तिची स्कॉलरशिपची परीक्षा आली. मी म्हन्लं, न्हाई जायचं, मोळ्या कोन बांधंल? सकाळी बघतो तर पोरगी न्हाई. एकलीच यष्टीनं गावाकडं आल्ती. मी मागनं आलो तिला वढून न्यायला. शाळंच्या खिडकीतनं बघितलं, तर मान खाली घालून लिहीत हुती. तसाच म्हागारी गेलो. तिला काय बोललो न्हाई."

"कळवतो आम्ही," म्हणून पूजानं फोन ठेवला.

काकूंनी त्या दुपारी आप्पांना चहा दिला नाही. "लेकीचं चांगलं चालून आलेलं काम घालवलं," असं त्या तीन दिवस भिंतीला सांगत होत्या. मलाही आप्पांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी आरतीचा व्हिडिओ कॉल आला. "लागलं गं काम!" ती ओरडली. "पण ती पूजा विचारतेय, तुमच्या मिस्टरांचंही नाव नोंदवायचं का? हे काय प्रकरण आहे?"

मी कोयत्याची गोष्ट सांगितली. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मी परीक्षेचं सांगितलं. तिचं हसू हळूहळू थांबलं.

"आप्पा आले होते?" ती म्हणाली. "मला अठरा वर्षं वाटतंय, मी हरवले तरी मला शोधायला कुणी आलं नाही. फोन दे त्यांना."

मी फोन ओसरीवर नेला. आप्पांनी तो कानाला लावला, मी तो काढून त्यांच्या तोंडासमोर धरला.

"आप्पा, खिडकीशी किती वेळ होता तुम्ही?"

"किती न्हाई, काय न्हाई," आप्पा इकडंतिकडं बघत म्हणाले. "पेपर सुटंपतूर."