रक्तवाले चाचा आणि कुलपातलं तूप

रक्तवाले चाचा सुई टोचण्याआधी माणसाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून क्षणभर गप्प बसत. शीर सापडत नसे म्हणून नव्हे. ती त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. शहागंजातल्या त्यांच्या दीड खोलीच्या लॅबबाहेर कितीही रांग असो, ही सवय त्यांनी मोडली नाही. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही, याची आता लाज वाटते.

"खून झूठ नइं बोलता बाई, घरवाले बोलते," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते मला झोंबे.

माझ्या सासूबाई पाचोडच्या. सोनोग्राफीत त्यांच्या लिव्हरवर चरबी निघाली, डॉक्टरांनी तूप-तेल कमी करायला सांगितलं आणि मी तुपाचा डबा थेट कुलपात घातला. आठ महिने भाकरी आणि बिनफोडणीचं वरण खाऊनही पुढच्या सोनोग्राफीत चरबी वाढलेलीच. मग काय, माझ्यातला फौजदार जागा झाला. मी त्यांचं गाठोडं तपासलं, शेजारणीकडे चौकशी केली. "देवाशपथ, तुपाला हात बी लावला नाय गं," असं त्या घोगऱ्या आवाजात सांगत आणि मी "बरं बरं" म्हणे. हळूहळू त्यांनी आमच्यासोबत जेवायला बसणंच सोडलं.

ऐन मे महिन्यात त्यांना रक्त तपासायला चाचांकडे नेलं आणि कुलूप लावूनही या चोरून तूप खातात, अशी तक्रारही केली. चाचांनी हात धरला तो सोडलाच नाही. "बाहर इत्ती धूप, और अम्मां का हात बर्फ? आवाज पहलेसेच ऐसी है क्या?" त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, थायरॉईडही बघून घेऊ का म्हणून.

थायरॉईड पार मंदावलेली निघाली. चाचांनी मला समोर बसवून सांगितलं, "गले की ये ग्रंथी सुस्त पडी, तो लिव्हर बी सुस्त. चरबी जलाता नइं, खून में की उठाता नइं. खाना आधा करो, तो बी जमती." मग रिपोर्टचं पाकीट पुढं केलं, पण हातातून सोडलं नाही. "ये बाद में. पहले अम्मां से माफी मांगो."

गोळी सुरू झाली, डबा फळीवर आला, वर्षभरात लिव्हरही बरंच सुधारलं. माफी मात्र माझ्या तोंडून निघेना. सुनेचा ताठा, दुसरं काय! दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला गेलो की चाचा हळूच विचारत, "मांगी?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागे. ते रागावत नसत. पुढच्या खेपेला पुन्हा विचारत.

एकदा गेलो तर लॅब बंद. चाचा गेले, पंधरा दिवस झाले, असं शेजारच्या चष्मेवाल्यानं सांगितलं. दुसऱ्या लॅबमध्ये एका मुलीनं चटकन रक्त काढलं. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच सोसेना. परतताना रिक्षात मी सासूबाईंना म्हणाले, "आई, तुपाचं ते... मी चुकले." आणि रडू आवरेना.

त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मी तर कवाच इसरले व्हते. त्यो चाचा मातर लई वाट बघत व्हता गं."