चढावरच्या दोन रेघा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे मी. अमावास्या, झपाटलेलं झाड, कुणाच्या तरी मावसभावाला दिसलेली पांढरी साडी... मला हसूच फुटतं. म्हणून हा अनुभव इथे लिहायला एक अख्खा हिवाळा घेतला. शेवटी नवराच म्हणाला, "लिहून टाक, निदान कुणीतरी एक्स्प्लेनेशन देईल." बघा, जमतंय का कुणाला.

आम्ही पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला राहतो. युनिव्हर्सिटीचं गाव. इंडियन दुकानं जेमतेम आणि घरच्या पोळीसाठी कासावीस झालेली पोरं भरपूर. त्यांना मी डबे पोचवते. स्वयंपाक माझा, ड्रायव्हिंगही माझंच. बर्फातली डिलिव्हरी मी घसरून-आपटूनच शिकले. आमच्याकडे मांजर नाही, पण डिकीत मांजराच्या टॉयलेटची वाळू कायम असते. चाक रुतलं की खाली टाकायला तिच्यासारखी वस्तू नाही. आणि आमटीचा डबा सीटवर ठेवायचा नाही, पायाशी ठेवायचा. हे ज्ञान मला सीट धुऊन मिळालेलं आहे.

माझं एकच गिऱ्हाईक स्टुडंट नाही – देशपांडेकाका. रिटायर्ड इंजिनियर, गावाबाहेर टेकडीवर घर, आणि घरापर्यंत जाणारा त्यांचा स्वतःचा ड्राइव्हवे म्हणजे शुद्ध घसरगुंडी. सुमनकाकू होत्या तेव्हा बर्फ पडला की त्या माझ्यासाठी फायरप्लेसमधली राख चाळून त्या चढावर टाकायच्या. दोन चाकांसाठी दोन रेघा, चिमटीतून रांगोळी सोडल्यासारख्या सरळ. फक्त अंतर नेहमी चुकायचं! दोन रेघा इतक्या जवळ की एक चाक राखेवर आणि दुसरं बर्फावर. मी म्हणायची, "काकू, मी गाडी घेऊन येते, सायकल नाही." त्या म्हणायच्या, "अगं, नजरेचा अंदाज आहे माझा, बरोबरच असणार." पुढच्या बर्फात पुन्हा तेच.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. काकांना लाकडं उचलवेनात, म्हणून त्यांच्या मुलीने ती फायरप्लेस बंद करून गॅसची बसवून दिली. म्हणजे राखेचा प्रश्नच मिटला.

तर त्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होता. निघताना मी काकांना फोन केला. "काका, निघालेच हं!"

"ये ये. मग मी इन्सुलिन घेऊन टाकतो."

"घ्या, घ्या. आलेच मी."

आता आपल्याकडे 'निघालेच' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी तेव्हा आमटीला फोडणी देत होते. एरवी काका माझी गाडी खिडकीतून दिसली की मगच इंजेक्शन घेतात. पण त्या दिवशी बर्फामुळे खिडकीतून काही दिसत नव्हतं, आणि त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. मराठी बाईच्या 'निघालेच'वर!

डबे भरले, गाडीवरचा बर्फ खरवडला, आणि आमच्याच दारात चाक रुतलं. सगळी वाळू तिथेच संपली. मग रस्त्यावर सगळे गोगलगायी झालेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला – इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी बसलाय! फोन लावला. काका उचलेनात. पुन्हा लावला. नाहीच. मग 911ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, कळवलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या की अ‍ॅम्ब्युलन्स निघतेय, पण अशा रस्त्यांवर वेळ लागेल.

ड्राइव्हवेच्या पायथ्याशी पोचले. गाडी थोडी चढली आणि नांगी टाकून मागे आली. पुन्हा तेच. उतरून चालत जायला गेले तर दुसऱ्याच पावलाला बसकण मारली. खरं सांगते, रडू आलं. बर्फातच बसून ओरडले, "काकू, आता काय करू हो?" का ओरडले, कुणास ठाऊक. काकांना ऐकू गेलं नसतं, एवढंच कारण असेल.

उठून गाडीत बसले, वायपर फिरला आणि समोर... दोन रेघा. करड्या. खालपासून थेट वर काकांच्या दारापर्यंत. बर्फ पडतच होता, पण रेघांवर एक कण नाही. आजूबाजूला पावलांचा मागमूस नाही.

घाबरायला वेळच नव्हता हो. मी गाडी घातली. डावं चाक राखेवर, उजवं बर्फावर – आणि गाडी धुसफुसत चढली.

काका सोफ्यावर घामाघूम होऊन अर्धवट शुद्धीत बसले होते. आधी संत्र्याचा ज्यूस पाजला, मग घास घास करून आमटी-भात. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. म्हणाले, "आमटीला फोडणी जास्त झालीय." मी हसत हसत रडले.

अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले तोवर काका दुसऱ्या पोळीवर होते. त्यांनी शुगर तपासली, सगळं ठीक. जाताना त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "राख टाकलीत ते फार बरं केलंत, त्याच्यावरूनच चढलो आम्ही." म्हणजे मला भास झाला, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

नवऱ्याने सगळ्या थिअऱ्या लावून बघितल्या. शेजारी टाकून गेले? शेजारी हिवाळाभर फ्लोरिडात. सरकारी ट्रक? तो प्रायव्हेट ड्राइव्हवेत शिरत नाही, आणि रेघा तर मुळीच मारत नाही. वर तो म्हणतो की एकाच चाकाला पकड मिळाली तर दुसरं नुसतं गरगरतं, आपली गाडी त्या चढावर चढायलाच नको होती. घ्या! उत्तर मागितलं तर अजून एक प्रश्न मिळाला.

तेव्हापासून मी 'निघालेच' म्हणत नाही. काकांच्या दारात उभी राहून फोन करते, "काका, आलेय. आता घ्या इंजेक्शन."

त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर मी काकांना रेघांचं सांगितलं. ते काठी टेकत खिडकीशी गेले. बर्फाने सगळं पुन्हा पांढरं करून टाकलं होतं. काचेवरची वाफ बाहीने पुसून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"दोन रेघांतलं अंतर कसं होतं गं?"

"कमी होतं, काका. एक चाक बाहेरच राहिलं."

काका इतके हसले, इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"मग तीच," म्हणाले.