आईच्या पोटातलं अस्तर

परवा दुपारी आमच्या कर्वेनगरच्या घरात छतावर पाणी हलत होतं. म्हणजे पाणी होतं खिडकीच्या ग्रिलला टांगलेल्या पारदर्शक पिशवीत... ऊन त्यातून आरपार जात होतं आणि छतावर सोनेरी लाटा डुलत होत्या. आई पलंगावर पडून तेच बघत होती, आणि तिच्या उशाशी बसून मीही.

ही पिशवी घरात कशी आली, ते सांगते.

आईच्या किडन्यांनी हळूहळू काम सोडलं आणि अंगात पाणी साठायला लागलं. पाय इतके सुजले की बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. एक दिवस जोडवी बोटांत रुतायला लागली, तेव्हा साबण लावून कशीबशी काढली. आजाराचं नाव ऐकून न रडलेली माझी आई त्या दिवशी मात्र ढसाढसा रडली हो... लग्नापासून जोडवी पायातून उतरली नव्हती. बाबांनी ती मुकाट्यानं उचलली आणि कुठेतरी ठेवून दिली.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, दर आठवड्याला तीनदा हॉस्पिटलमध्ये मशीनवर जायचं. दुसरा, घरच्या घरी, पोटातून. आपल्या पोटाला आतून एक पातळ अस्तर असतं म्हणे. नळीनं पोटात साखरेचं औषधी पाणी सोडायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. रक्तातलं जास्तीचं पाणी आणि घाण त्या अस्तरातून झिरपत साखरेकडे येते, मग ते सगळं बाहेर काढून टाकायचं.

मी बीएस्सीला ऑस्मॉसिस घोकून पास झालेली बाई... पण आईला समजावताना माझं नुसतं त त प प व्हायला लागलं. तिनंच मला थांबवलं. "कळलं गं. आवळे टोचून पाकात टाकले की पाणी सोडतात, तसंच ना? करा माझा मोरावळा!"

डॉक्टर हसले. मी नाही हसले, कारण तिनं घरीच करायचं का ठरवलंय ते मला माहीत होतं. उरलेले दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत काढायचे नाहीत, आपल्या खिडकीपाशी काढायचे, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती पुरी होणार की नाही, हे आता आमच्या हातात होतं...

सिस्टर येऊन सगळं शिकवून गेल्या. स्वच्छता, स्वच्छता आणि स्वच्छता! आमचं घर मूळचंच सोवळ्याचं. बाहेरून आलेली पिशवी ओट्यावर टेकवली तरी इथे महाभारत होतं. त्यात 'निर्जंतुक' हा शब्द कानावर पडला, मग काय विचारता.

सिस्टरशिवायचा पहिला दिवस उजाडला. पोटातलं पाणी ज्या रिकाम्या पिशवीत उतरवायचं, ती जमिनीवर ठेवायची? जिथे केरसुणी फिरते तिथे? छे! मी उंच स्टूल आणलं, त्यावर धुतलेला पंचा अंथरला आणि चौरंगावर कलश मांडावा तशी ती पिशवी मांडली.

आणि पाणी येईना.

नळी तपासली, चिमटा तपासला. आईला या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं, उठवून बसवलं. ढिम्म! सिस्टरचा फोन लागेना. आई हळूच म्हणाली, "राहू दे गं. नसेल माझ्या नशिबात... जाऊ हॉस्पिटलात."

आमचे बाबा म्हणजे मोजकंच बोलणारा माणूस. त्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, पिशवी उचलली आणि फरशीवर एक स्वच्छ ट्रे ठेवून त्यात ठेवली. "पाणी वर चढतं का गं कधी?" एवढंच बोलले.

नळीतून धार लागली... सिस्टरनी हे दहादा बजावलं होतं, पिशवी पोटापेक्षा खाली हवी म्हणून! आमच्या सोवळ्यात तेवढंच नेमकं वाहून गेलं. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

बाहेर आलेलं पाणी नितळ हवं, त्यातून छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. मी पिशवीमागे बाबांचा पेपर धरला. आईनं चष्मा लावला, बराच वेळ निरखून पाहिलं. "स्वच्छ आहे. आणि अहो, आडवा सात चुकलाय तुमचा."

तेव्हापासून आमच्या दुपारी अशाच जातात. भंगारवाल्याची हाक लांबून येते आणि लांब निघून जाते, छतावरच्या लाटा सरकतात, मला पेंग येते... त्या गुंगीत मला वाटत राहतं, आत्ता या क्षणी आईच्या आत काहीतरी अलगद अलीकडून पलीकडे चाललंय. आवाज नाही, गडबड नाही. जिथे दाटी झालीय तिथून निघायचं आणि मोकळ्या जागी जायचं, बस्स.

परवा तशीच डुलकी लागली होती. जाग आली तर बाबा गुडघे धरत धरत खाली बसत होते. त्यांनी आईचा पाय हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला. खळगा पडला नाही. मग शर्टाच्या खिशातून त्यांनी जोडवी काढली. इतके दिवस रोज या शर्टातून त्या शर्टात ती ठेवत होते, आणि आम्हाला पत्ता नाही!

"लग्नात नाही धरलेत पाय ते आता..." आई म्हणाली. जोडवी बोटांत अलगद गेली.

आईच्या पोटातल्या त्या पातळ अस्तराला आज मनापासून नमस्कार करते. जन्मभर त्याची कुणी साधी चौकशीही केली नव्हती... आणि वेळ आली तेव्हा बिचारं एका शब्दानं न कुरकुरता कामाला लागलं. अगदी आमच्या बाबांसारखं.